साचा उघडायची वेळ

शिरोलीत आमच्या फौंड्रीत
ओतलेला साचा लगेच उघडत नाहीत.
वरून काळा पडला तरी आत
बीड लालच असतं. घाई केली की तडा जातो,
आणि तो तडा
लेथवर चढेपर्यंत दिसत नाही.

हे मला एकवीस वर्षं माहीत होतं.
घरी मात्र ताट भिंतीवर गेलं,
आमटीसकट.
शिवलीला तेव्हा सहावीत.
कंपास उचलून गच्चीवर जाऊन बसली.
उद्या भूगोलाचा पेपर होता.

दवाखान्यातल्या निंबाळकर बाईंनी विचारलं,
‘राग आधी कुठं येतो?’
म्हटलं, ‘येतो म्हंजे येतो.
त्यो काय वर्दी देऊन येतोय?’
त्या हसल्या नाहीत.
‘आठवडाभर बघा,’ म्हणाल्या.

बघितलं.
पहिल्यांदा जबड्यात येतो, डाव्या बाजूला,
दाढ दुखल्यासारखा.
मग कानाची पाळी गरम. मग हात.
जबड्यापासून हातापर्यंत वेळ किती?
दाभोळकर कॉर्नरला पिवळा दिवा लागतो, तेवढा.

तेवढ्यात श्वास सोडायचा,
घेतल्यापेक्षा लांब.
मला माझंच हसू यायचं:
वितळल्या बिडाची लेडल पेलणारा गडी
स्वयंपाकघरात उभा राहून फुंकर घालतोय,
दूध उतू चालल्यागत.

‘नावं ठेवू नका त्याला,’ बाई म्हणाल्या,
‘नाव द्या.’
वहीत रोज एकच शब्द: चिडलो.
चिडलो. चिडलो.
एका सोमवारी, कारखाना बंद होता,
लिहिलं: माल परत आला.
त्याखाली: लाज वाटली.
त्याखाली, अक्षर बारीक करून,
भ्यालो.

तरी मंगळवारी ओरडलोच. गॅसच्या नंबरावरून.
वाक्य अर्धं सोडून बाहेर पडलो,
रंकाळ्याच्या कट्ट्यापर्यंत गेलो.
दगड तापलेला. तळव्यांना कळलं,
चप्पल घरीच राहिलीय.
परत आलो तर महादेवी म्हणाली,
‘पाय धुवा आधी.’
बाकी काही नाही.

शिवलीला आता नववीत.
काल तिनं दार आपटलं, कडी घातली.
जबडा. डावी बाजू.
कुकरच्या दोन शिट्ट्या होऊ दिल्या.
मग वाळूची धग बघतात तसा
दारावर तळवा टेकला.
‘उघडतीस?’
आतून आवाज, नाक चोंदलेला:
‘अजून नाही.’

‘बरं,’ म्हटलं,
आणि उंबऱ्यातच बसलो.