डावीकडचं दुसरं वल्हं

वर्षातून एकदाच माझ्या हातात वल्हं येतं.
बाकीचे दिवस माणकापुरातले माग,
खटाखट, आणि कानात सुताचा बोळा.
आज्जाचं वल्हं हे, डावीकडचं दुसरं,
मुठीशी त्याच्याच अंगठ्याची खोच.
माझा अंगठा तिथं अजून नीट बसत नाही.

पाच नावा. पहिलीत होळेव्वा,
मधल्यांत मानकरी, सनईवाला दस्तगीर, पोरंसोरं,
आणि सगळ्यात मागं
पायगोंडाच्या गुऱ्हाळातली काहील,
तिच्यात नैवेद्याची पाटी अन् दोघी जावा
गोल गोल फिरत, एकमेकींना शिव्या देत, हसत.
वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा वास.
बंधाऱ्यानं अडवलेली दूधगंगा
रवंथ करत बसल्यासारखी.

वल्हवणारा उलटा बसतो.
देवी पुढं, नाळेवर. आम्ही आठजण तिला पाठ देऊन.
अकरा वर्षं झाली तिला पैलतीरी नेतोय
आणि नेताना तिचं तोंड दिसत नाही.
दिसतो तो सुकाणूवरचा इराप्पा अंबी.
"ओंद," तो म्हणतो, "येरड,"
आम्ही कन्नडात ओढतो, मराठीत धापा टाकतो.
त्याच्या भुवया वर गेल्या
की समजायचं, तिचा पदर उडाला.
ओठ चावला, तर समई विझत आली.
त्याच्या चेहऱ्यावरून मी तिला वाचतो,
दुसऱ्याला आलेलं पत्र वाचावं तसं.

मधोमध वल्ही उचलायची, ही रीत.
सनई बंद. काहिलीतल्या जावासुद्धा गप्प.
नाव आपली आपण सरकते,
वल्ह्यांची टोकं ठिबकत राहतात,
आणि एकेक खिसा थरथरू लागतो:
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
इराप्पाच्या बंडीतलाही.
बहिणीकडं निघालेल्या बाईला
कुणीच काही कळवत नाही.
इराप्पा हसू गिळतो. "एळी."

पलीकडं कमरेएवढ्या पाण्यात बायका,
हळदीचे हातच हात.
तिला उचलून घेतात
आणि नाव बोटभर वर येते.
बोटभर.
मी मान वळवेपर्यंत
गर्दीच्या नुसत्या पाठी.

परतताना अंधार पडलेला.
ती आज रात्री तिकडंच,
बहिणी बहिणी काय बोलत असतील ते बोलतील.
रिकामी नाव, पण ओढायला जड,
आणि मी तसाच उलटा,
म्हणजे आता तोंड तिच्याकडं.
घाटाच्या पायरीवर, कंदिलापाशी,
केवढीशी! एका गालाचा रंग गेलेला,
नथ चेहऱ्याहून मोठी,
कुणाची तरी पोरगी टाच उंचावून
तिच्या डोक्यावरचं फूल सरळ करतेय.
दर ओढीला ती थोडी लहान होते.
मीच तिला लहान करतो,
या दोन हातांनी.

"वल्हं! वल्हं बघ!" इराप्पा ओरडतो.
माझं वल्हं सिद्रामच्या वल्ह्यावर चढलेलं.
मग जरा वेळानं, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं,
"तुझा आज्जाबी
परतीलाच चुकायचा."