मोकळा रविवार, प्रत दुसरी

चरईतल्या आमच्या लायब्ररीत
इंदुमती ताम्हाणेंच्या पुस्तकाच्या दोन प्रती.
एक कधीच जागेवर नसते,
दुसरी परत येते तेव्हा
थोडी फुगलेली असते.

पुरवणीत अर्धं पान आलं होतं:
"प्रांजळ, पण विस्कळीत.
रंगभूमीचा इतिहास हाती लागत नाही,
लागतो गॅसचा नंबर, गुडघ्याचा एक्स-रे,
पॉलिक्लिनिकच्या खिडकीतली नोकरी."
विस्कळीत हा शब्द दोनदा. मी मोजला.

कर्णिकसाहेबांनी आधी फोटो पाहिले,
मग काउंटरवर वाकून, हळूच,
"त्या निर्मात्याचं काहीच नाही हो यात?"
नाही म्हटलं.
"मग लिहिलं कशाला बाईंनी?"
आणि दंड न भरता गेले.

वृंदा खोपकर म्हणाल्या, रडगाणं.
तिसऱ्या दिवशी पुन्हा नेलं, बहिणीसाठी.
त्यांना बहीण नाही.

चेंदणीच्या भारती नाखवांनी
पुस्तक काउंटरवर ठेवलं, पालथं.
"बाई खोटं नाय बोलत.
पण रंग उतरवायला खोबरेल लागायचं ते लिवलंय,
उतरवायचं कोण, ते नाय.
बावीस वर्सं माझी सासू."

शनिवारी मी रबर घेऊन बसते,
समासातली पेन्सिल पुसायची, हा नियम.
पान एकशे बारा.
बाई लिहितात, नाटक थांबल्यावरही
रविवारी दुपारी तीनला पोटात गोळा यायचा,
उठून केस विंचरायच्या,
आणि पुन्हा आडव्या व्हायच्या.
शेजारी बारीक, उभं अक्षर:
"मला सकाळी सहा पन्नासला. वागळे इस्टेट.
भोंगा बंद होऊन चौदा वर्षं."
त्याखाली दुसऱ्याच हाताचं: "किती लाड!"
त्याखाली, फार दाबून, नुसतं: "हो."

रजिस्टर उघडलं असतं
तर सह्यांवरून कळलं असतं कोण.
उघडलं नाही.
रबरही परत खणात.

परवा त्या स्वतः आल्या.
कर्णिकसाहेबांनी बाकावर सरकून जागा दिली,
वर न बघता.
"माझ्याकडच्या सगळ्या वाटून संपल्या,
एक मिळेल वाचायला?"
मी दुसरी प्रत दिली.
एकशे बारावर त्या बराच वेळ होत्या,
चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून.
"हो" वर बोट ठेवलं. "लाड" वर हसल्या,
पूर्वी तिसऱ्या अंकात हसायच्या, तशा नाही.

मी खोबरेलाचं सांगितलं.
सांगायला नको होतं कदाचित.

"पेन्सिल आहे?"
दिली.
समासात लिहिलं, हिरा.
मग टोक कागदावर तसंच टेकून राहिलं.
खाली रिक्षावाल्याचा हॉर्न,
त्यांचाच असावा, थांबवून आल्या होत्या.

"आडनाव काय हो तिचं?"

म्हटलं, भारतीताई गुरुवारी येतात,
बाजार आवरून,
साडेपाचच्या सुमारास.