सव्वादोन इंच

लोकांच्या पँटी आखूड करणं हा माझा धंदा.
रास्ता पेठेत, जिन्याखाली, सहा बाय चारची जागा.
उंच माणसं येतात, आरशासमोर उभी राहतात,
मी उकिडवा बसतो, तोंडात टाचण्या धरून,
आणि त्यांच्या घोट्याशी खडूची रेघ मारतो.
चाळीस वर्षांत गिऱ्हाइकांचे चेहरे विसरलो,
घोटे लक्षात आहेत.

माझं माप वहीच्या शेवटच्या पानावर:
बगाडे विश्राम, आतली लांबी सव्वीस.
त्याच्याखाली, गेल्या दिवाळीपासून,
गाडी, जुनी, दोन मालकांनंतरची,
सीटची उंची बत्तीस,
वजन दोनशे साठ किलो, पेट्रोल वेगळं.
मधे सहा इंच हवा.

नाना पेठेतला यासीन म्हणाला, मामा, स्कूटर घ्या.
वॉचमनने विचारलं, कुणाची सोडायला आणलीत?
कुंदा काहीच बोलली नाही.
तिने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि आत जाऊन विम्याचे कागद शोधू लागली.

पण सहा इंच म्हणजे माझ्याच हाताखालचं काम.
सीट उसवली, फोम तासला,
मधे कमी, कडांना जास्त,
म्हणजे मांडी आडवी न जाता सरळ खाली उतरते.
दीड गेला.
बुटांना जाड तळवे, सव्वा.
मागचं शॉकअप यासीनने बसवलं एक इंच खाली.
राहिले सव्वादोन.
अजून उतरवू? यासीन म्हणाला.
नको म्हटलं, वळणावर पोट घासेल तिचं.
बेतायचं किती आणि सोडायचं किती,
एवढं तरी मला कळतं.

आता हे शहर मला तळपायातून कळतं.
सेव्हन लव्हज चौकात रस्ता डावीकडे कललाय,
तिथे उजवा पाय टेकायचा.
बसथांब्यापाशी डिझेल सांडलेलं असतं,
दहा फूट आधीच थांबायचं, मागचे शिव्या देतात, देऊ देत.
उतारावर भिंतीकडे तोंड करून लावली की संपलं,
मागे ढकलायला पाय पुरत नाहीत,
मग कुणीतरी साडेपाच फुटाचा येईपर्यंत
फोनवर बोलल्यासारखं करायचं.
लोक निघताना पत्ता विचारतात.
मी विचारतो, तिथे जमीन कशी आहे?

बापदेव घाटात, रविवारी, माथ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी,
बुटाच्या टोकाखाली वाटाण्याएवढी खडी आली.
वेग शून्य.
पडली म्हणवत नाही. बसली.
म्हैस बसते तशी,
आधी एक गुडघा, मग हळूहळू सगळी.
मी बाजूला उभा, हेल्मेटमध्ये,
आणि टपरीवर एकदम शांतता.

जाकिटं घातलेली चार पोरं धावली.
काका, थांबा, थांबा!
मी म्हटलं, तुम्हीच थांबा जरा.
पहिल्या गिअरमध्ये टाकली, स्टँड काढून ठेवला,
हँडल पूर्ण वळवलं, तिच्याकडे पाठ केली,
सीटला टेकून खाली बसलो,
एक मूठ इकडे, एक हात मागच्या दांडीला,
आणि पायांनी मागे मागे चालत गेलो.
चार पावलं. पाचवं लागलं नाही.
ताकद कसली त्यात,
बैठक होती, रोजचीच,
दुसऱ्यांच्या पायाशी बसून कमावलेली.
फक्त या खेपेला
उठताना सोबत दोनशे साठ किलो होते.

कसं केलंत, असं एकाने विचारलं.
सहा फुटी, देखणा पोरगा.
त्याची पँट टाचेखाली येऊन झिजत होती,
पाऊण इंच, फार तर एक.
मी सांगितलं, खाली बसायची सवय ठेव.
त्याला ते काही फार पटलं नाही.

चहा गार झाला होता, तो तसाच प्यायलो.
उजवा आरसा पडताना वर फिरला होता.
सरळ करायचं राहूनच गेलं,
कोंढव्यापर्यंत त्यात मागची एकही गाडी नव्हती,
विजेच्या तारा, एक घार,
आणि अधूनमधून माझ्या हेल्मेटचा माथा.