तिसरी बादली

चौदा ऑगस्टच्या रात्री मी सूचनाफलकावर कागद लावला.
केशरी वर. कापड चुरगळलेलं नको.
चढवताना झपझप, उतरवताना सावकाश.
जमिनीला टेकू नये, पाण्याला शिवू नये.
त्याच्यावर काही लिहिलेलं नको, त्याच्याहून उंच काही नको.
खाली सही: र. वा. टिपणीस, सचिव,
सेक्टर सात, घणसोली.
ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले होते.

आणि पंधराला सगळं तसंच झालं.
दोरी कप्पीत अडकली नाही,
गाठ एका झटक्यात सुटली,
झेंडूच्या पाकळ्या अध्यक्षांच्या टकलावर पडल्या
आणि कोणी हसलं नाही.
संध्याकाळी, सूर्य खाडीपलीकडे जायच्या आत,
वॉचमन रामसजीवन आणि मी घडी घातली:
केशरी आणि हिरवा पांढऱ्याच्या खाली,
चक्र वर.
तळव्यांवर आडवी धरून ऑफिसात नेली,
न्हाऊ घातलेलं तान्हं मूल नेतात तशी.
कपाटाला कुलूप घातलं.
मला वाटलं, झालं.

सोळाला सकाळी सव्वासहाला
मुक्ता खिल्लारे गेटबाहेर वाकलेली.
झाडू भिंतीला टेकवलेला.
गटाराच्या जाळीतून दोन बोटांनी
ती एकेक वर काढत होती:
रिक्षाच्या आरशावरून उडालेला,
स्कूल बसच्या खिडकीतून निसटलेला,
टाचणीसकट एक, खिशावरचा,
एक केकवर खोचलेला, अजून क्रीम लागलेलं.
कंत्राटदाराच्या जाकिटाला पुसून
डाव्या हातात जमवत होती,
पत्ते पिसायला घेतल्यासारखे.

गाड्यावर दोन बादल्या.
हिरवी ओल्याची, निळी सुक्याची.
"साहेब, हे कशात?"

मी घसा साफ केला.
कागदी असतील तर एकांतात, मान राखून जाळायचे.
"आन् पलास्टिकचे?"
प्लॅस्टिकचे वापरायचेच नसतात.
"ते इकणाऱ्याला सांगा.
माझ्या हातात हायेत, ते कशात?"

माझ्या कागदावर ते कलम नव्हतं.

पंपरूमच्या मागे आम्ही कागदी तेवढे जाळले.
अकरा होते.
काड्या सर्दावलेल्या, चार फुकट गेल्या,
पाचवी तिनं ओंजळीत धरली.
तिच्या चपला कधी काढून ठेवल्या कळलं नाही.
माझ्या पायात सँडल. मग मीही काढले,
उशिरा, एका पायावर तोल सावरत,
आणि तेवढ्यात केशरी जळून गेला होता.
राख तिनं जास्वंदीच्या बुंध्याशी सारली.
बोलण्यासारखं काही नव्हतं.
वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरनं शिट्टी दिली.

प्लॅस्टिकचे बत्तीस.
ते तिनं सुतळीनं बांधले, काड्या एकीकडे,
आणि तांदळाच्या रिकाम्या पिशवीत ठेवले.
घरी नेणार?
"नेते की. मागच्या साली बी नेले.
त्याच्या मागल्या साली बी."
घर रबाळ्याला, डोंगराच्या कडेला,
दहा बाय दहा, पाच माणसं.
पावसात घरभर पाणी शिरतं,
पोरीची वह्या-पुस्तकं पलंगावर चढवावी लागतात.
मग हे कुठे ठेवतेस?
"माळ्यावर."
आणि त्याच्या वर?
ती माझ्याकडे बघत राहिली,
सचिवाला एवढंही कळू नये, अशी.
"त्याच्या वर काय असनार? पत्रा."

सात वाजता घंटागाडी आली.
तिनं हिरवी रिकामी केली, निळी रिकामी केली,
दोन्ही आपटून झटकल्या.
पिशवी दांड्याला अडकवलेलीच होती,
जमिनीपासून वीतभर वर,
आणि गाडा सेक्टर आठकडे वळला तेव्हा
खड्ड्यापाशी तिनं एक हात सोडून
ती जरा उचलून धरली.