छाट

सोलापूरच्या विडी घरकुलात नववी ब ची शिकवणी,
संध्याकाळी सहा ते लाईट जाईपर्यंत.
फळ्याऐवजी दाराची मागची बाजू;
पोपटी ऑइलपेंटवर खडू नीट उठत नाही,
म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा गिरवायचं.

आधी कर्ता, मी लिहिते. लगेच क्रियापद. मग बाकीचा संसार.
मी बार्शीची. माझ्या तोंडात क्रियापद
पंगतीतल्या ताकासारखं, सगळ्यात शेवटी येतं;
तोवर बोलणाऱ्याला मन बदलता येतं.
'मी तुला उद्या पैसे' इथपर्यंत येऊन
कितीजण खोकलेत माझ्यासमोर!
इंग्रजीत तशी सोय नाही.
तोंड उघडलं की दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच
देणार की नाही ते सांगून टाकावं लागतं.

मुलं हसली. सुमलता येमूल हसली नाही.
तिची वही माझ्या मांडीवर:
शी माय मदर.
शी विडी वर्कर.
माय फादर टॉवेल लूम.

मी लाल पेनानं गोल केले. तीन.
'इज कुठंय? आहे कुठं गेलं, सुमे?'
'बाई, आमच्यात लागत नाही ओ.'
आणि म्हणून दाखवलं: आमे मा अम्मा.
ती, माझी, आई. झालं.
पुढे काही नाही, आणि कमीही काही पडत नाही.
घरात जे समोर बसलंय
त्याला आहे कशाला म्हणायचं?

समोर बसलीच होती राजमणी,
मांडीत सूप, पायाशी भिजवलेला पाला.
पान कापते, तंबाखू भरते, वळते, तोंड दुमडते, दोरा मारते:
पाच क्रियापदं मी मनात मोजली, एका श्वासातली,
आणि कर्ता एकदाही वर बघत नाही.

दारावर लिहिलं: आय रोल. यू रोल. दे रोल.
आणि शी आली की रोल्स, शेपटाला एस.
श्रीहरी कोडमला पटेना.
'लई माणसं असली की एस नको,
आणि एकटीच असली तर एस? उलटं झालं की बाई.'
नियम आहे, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
राजमणी दोरा दातात धरून बोलली,
'बरोबर हाय. एकटीला जास्तच लागतंय.'

मग तिनं विचारलं, ते लाल गोल काय.
चुकलेलं, मी म्हटलं.
'म्हंजे छाट.'

कारखान्यात विड्या मोजून घेणारा
हजारातल्या सत्तर-ऐंशी बाजूला काढतो:
ही सैल, ही आखूड, हिचं तोंड उघडं.
काढलेल्यांचे पैसे नाहीत, विड्या मात्र तोच ठेवतो.
हे तिनं तक्रार म्हणून नाही सांगितलं,
मला माझा धंदा समजावा म्हणून सांगितलं.

मी पेन खाली ठेवलं असतं तर गोष्ट बरी झाली असती.
ठेवलं नाही.
पुढच्या वर्षी बोर्डाचा पेपर तपासणारा
कुठल्या गावचा असेल कोण जाणे,
त्याच्या कानावर आमे मा अम्मा पडलेलं नसणार.
त्याच्यासाठी शी आणि माय यांच्या मध्ये
खालून एक टोक काढलं, चिमणीच्या चोचीएवढं,
आणि वर दोन अक्षरं बसवली. इज.
दुसऱ्या वाक्यातही इज, त्याच्या कडेवर एक अ.

तिसऱ्यापाशी अडले.
माय फादर. टॉवेल लूम. इज? वॉज? वर्क्स?
अक्कलकोट रोडचा कारखाना दिवाळीपासून बंद.
मालक म्हणतो, होईल चालू.
बाप रोज डबा घेऊन जातो,
गेटसमोर बसून खातो, परत येतो.
मी सुमलताला विचारलं, काय लिहू?
तिनं आईकडे बघितलं.
आईनं सूप हलवलं, पाला सारखा केला.

'पेन्सिलीनं लिवा बाई,' राजमणी म्हणाली.