चौकट

तालमीच्या बोळात आठव्या घरापर्यंत
टॅब हातात तापला होता.
रकाना सहा : धर्म. यादीतून निवडा.

शेट्यांच्या उंबऱ्यावर बाप म्हणाला, हिंदू लिहा.
पोरगा आतनं ओरडला, लिंगायत! वेगळं लिहा!
जुंपली दोघांची. कुठली परिषद, कुठला निकाल,
कुठले स्वामी कुठं काय बोलले.
गंगव्वा आजीनं गळ्यातलं लिंग पदराआड सारलं,
म्हणाली, नळ जाईल सातला. आधी घागरी भरा,
मग काय भरायचं ते भरा.

शेजारी बाबालाल शिकलगार कात्रीला धार लावत होता.
"त्यात काय इचारताय, मास्तर,
तोंडावर लिवलंय न्हवं माझ्या."
चाक थांबलं. ठिणग्या विझल्या.
"पण तालमीचा गणपती अठ्ठावीस वर्सं
ह्या खांद्यावरनं जातोय.
आन् पंज्याला पयला नारळ सणगरांचा.
ह्ये बसतंय का बघा कशात तरी."
मी यादी वरखाली केली.
बसत नव्हतं.

माडीवर अण्णाप्पा. भिंतीला खिळा,
खिळ्याला विटका बावटा.
पक्षानं काढलं चौऱ्याऐंशी साली.
का, ते आता
ना पक्षाला आठवतं ना त्यांना.
"तरी लाल लिहा."
असा रकानाच नाही, म्हटलं.
"मग मोकळा सोडा."
मोकळा सोडलेला रकाना टॅबवर
लालच दिसतो. दाखवला त्यांना.
लई वेळ हसले, खोकला येईपर्यंत.

कचेरीत घाटगेसाहेब म्हणाले,
अर्धवट नोंदी वर जात नाहीत.
आडनावं बघून भरा की, एवढं काय त्यात?
मग माझ्याकडं बघून थांबले.
"मगदूम म्हणजे... तुम्ही नक्की?"
मगदूम जैनांत आहेत, मराठ्यांत आहेत,
लिंगायतांत, आणि मशिदीमागच्या गल्लीतही.
तेवढ्यात चहा आला. बरं झालं.

घरी बायको म्हणाली,
आपल्याकडंपण येऊन गेला एक पोरगा.
काय विचारलं?
काही नाही. पाणीसुद्धा नको म्हणाला.
दाराच्या चौकटीकडं बघितलं,
बोटानं टिकटिक केलं, गेला.

बॅटरी घेऊन बाहेर आलो.
महापालिकेचा नंबर, त्यावर काट, शेजारी नवा नंबर.
घोड्याचा नाल.
पेन्सिलीच्या रेघा, पोरीच्या उंचीच्या,
दुसरीपासून नववीपर्यंत. सहावीची राहिलेली.
ह्यातलं काय वाचलं असंल त्यानं?

डास चावत होते.
मी परत नंबरापासनं सुरुवात केली.