जाऊन येतो

दाराशी पोचल्यावर आधी त्यानं माझ्या चपला उचलल्या
आणि तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवल्या.
"निघताना पाय थेट आत जातात," म्हणाला.
अरे, आत्ता तर आले!
तो हसला. तीन वर्षांत त्याचं हसणंसुद्धा
जरासं वाकून व्हायला लागलंय.

यशोधन. माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा.
कंपनीनं इथं इमाबारीत ठेवलाय
जहाजांचे सांधे तपासायला.
हातात हातोडी, खिशात खडू,
जोड चुकला की पत्र्यावर पिवळी फुली,
त्याच्या गणिताच्या वहीत मी मारायचे तशी.

खोली एवढीशी की बिछाना कपाटात गेल्याशिवाय
टेबलाला जन्म नाही.
संडासाच्या सपाता वेगळ्या, हे त्यानं दोनदा बजावलेलं,
तरी दुसऱ्या दिवशी मी त्याच घालून दार उघडलं.
समोर वरच्या मजल्यावरच्या ओची-सान,
ऐंशीच्या पुढच्या, हातात संत्र्यांची पिशवी.
त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग छताकडे,
मग तोंडावर हात धरून अशा हसल्या
की संत्री जिन्यावरून घरंगळत खाली.
आम्ही दोघी ओणव्यानं वेचत गेलो.
त्या एकेक बोट मिटून मोजत होत्या, मी पेरांवर.
दोघींच्या मते एकोणीस.

शुक्रवारी त्याचं जहाज पाण्यात सोडलं.
कुणीतरी छोट्या कुऱ्हाडीनं दोरी तोडली,
रंगीत कागदी फिती उडाल्या, बँड वाजला,
आणि एवढं मोठं धूड
न बोलता, पाठमोरं,
समुद्रात उतरलं.
सगळे टाळ्या वाजवत होते.
यशोधन हेल्मेट काढून उभा.
रात्री नूडल्सच्या वाडग्यात बघत म्हणाला,
"ताई, त्या दिवशी विमानतळावर घाईत
मी 'जातो' म्हणालो होतो. तुला आठवतं?"

आठवत होतं.
आईनं तोंडावर बोट ठेवलेलं, जातो म्हणू नये रे,
आणि बाबा म्हणाले होते, जाऊ दे गं, उशीर होतोय त्याला.
फेब्रुवारीत बाबा गेले.
हा फोनच्या काचेत होता, आवाज बंद करून,
भटजींना अडचण नको म्हणून.

नाही रे, मी म्हटलं. असलं काय लक्षात ठेवतोस.
बाजूच्या माणसानं सुर्रकन रस्सा ओढला.
इथे तसाच ओढतात, वाईट दिसत नाही.
मग आम्हीही ओढला,
नाक पुसायला एक कारण मिळालं.

रोज सकाळी सहाला
बूट चढवून तो वळायचा
आणि खोलीला सांगायचा, इत्तेकिमास.
म्हणजे काय रे?
"जाऊन येतो."
मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
मी नसते तेव्हा कुणाला म्हणतोस?
तो नाडी बांधत राहिला.
"म्हणायचं असतं. भिंतींना सवय राहते."

शेवटच्या सकाळी त्याची पाळी लवकर,
माझी बस नऊची.
त्यानं म्हटलं, मी उत्तर दिलं,
ओची-साननी जिन्यात घोकून घेतलेलं, इत्तेराश्शाई,
जाऊन ये.
माझी जीभ मधेच अडखळली.
तो जिन्यावर थांबला क्षणभर,
मग त्याच्या बुटांचा आवाज, मग सायकलचा.

मी बिछाना कपाटात टाकला,
उरलेल्या दोन संत्र्यांखाली चिठ्ठी ठेवली.
चपला आठ दिवस तशाच होत्या, बाहेर तोंड करून.
पाय खरंच थेट आत गेले.

दार ओढण्याआधी
रिकाम्या खोलीला म्हटलं, येते हं.
मराठीतच. हळूच.

वरून, त्या कागदासारख्या छतातून,
म्हातारा आवाज आला,
इत्तेराश्शाऽऽई.

म्हणजे तीन वर्षं, रोज सहाला,
त्या जाग्या होत्या.